हा मी

१

एकतीस सालच्या उन्हाळ्यात मिशनच्या मोठ्या मॅडम महाबळेश्वरला गेल्या आणि रत्नागिरीचं बालगृह आमच्या तिघींवर सोपवून गेल्या. स्वयंपाकाच्या यमुनाबाई, मुलांना शिकवणारी मी, आणि वर्षभराच्या सेवेसाठी परदेशातून आलेल्या मिस मोराग. मुलांना मोराग म्हणता येईना. त्यांनी मोरबाई करून टाकलं, आणि पुढे आम्हीही तेच म्हणू लागलो.

मोरबाई स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या एका बेटावरच्या. वय पंचविशीच्या आतच असेल. उन्हानं नाक सोललेलं, हात मात्र कामाचे. गोऱ्या माणसांनी उन्हाळ्यात थंड हवेला जायचं अशी रीत होती. मोठ्या मॅडमनी त्यांचीही बॅग भरायला सांगितली होती. त्या म्हणाल्या, "मुलं कुठं जातात? मग मीही नाही जात."

दिवस ठरलेला असे. सकाळी विहिरीवर आंघोळी, मग पेज, मग पाढे आणि वाचन. जेवणं झाली की मुलं लांब खोलीत चटया टाकून झोपत. त्यांच्या मधोमध स्टुलावर बसून मोरबाई फाटके कपडे शिवत. मराठी त्या एका मुनशीकडून शिकल्या होत्या, त्यामुळे "मी येतो", "मी जेवतो" असं पुरुषासारखं बोलत. मुलं खिदळत. त्याही हसत आणि पुन्हा तेच म्हणत.

सगळ्यांत जास्त खिदळायची ती राही. सहासात वर्षांची, लांज्याच्या वरच्या अंगाला एका वाडीतली. आई बाळंतपणात गेली, बाप मुंबईला गिरणीत गेला तो फिरून आला नाही. केरू नावाच्या तिच्या मामानं तिला आमच्याकडे आणून सोडलं होतं. "वायच घर सावरलं की न्हेतो," असं म्हणून गेला होता, आणि अधूनमधून येऊन बघून जात होता. राहीची बडबड दिवसभर चाले. झोपेतही ती कोंबड्या हाकलायची.

२

एका दुपारी मी लांब खोलीत फळा पुसायचं फडकं घ्यायला गेले. मे महिन्याच्या सुरुवातीचे दिवस. कौलं तापून कडकड वाजत होती. मुलं उघड्या अंगानं घामेजून झोपली होती आणि कोपऱ्यात राही दोन गोधड्या ओढून त्यात गुडघे पोटाशी घेऊन पडली होती. दात वाजत होते.

"काय गो, ताप भरलाय काय?" दारातून यमुनाबाईंनी विचारलं.

राही डोळे न उघडता म्हणाली, "हा मी फुअर."

यमुनाबाई हसल्या. "पोरगी ना गो तू? हा मी काय? ही मी म्हण."

मलाही हसू आलं. मोरबाईंच्या मराठीचा परिणाम, असं मला वाटलं. शेवटचा शब्द काहीतरी बरळणं असेल. पण मोरबाईंची सुई कापडात अर्धी शिरून तशीच राहिली होती. त्यांनी कापड मांडीवरून खाली ठेवलं आणि हळूच काहीतरी विचारलं. इंग्रजी मला येतं. ते इंग्रजी नव्हतं.

राहीनं उत्तर दिलं. चांगलं लांबलचक. आवाज तिचाच, थोडा घोगरा. फक्त बोलण्याचा हेल वेगळा होता. आपल्याकडे वाक्य संपताना खाली बसतं, तिचं प्रत्येक वाक्य शेवटी वर जात होतं.

मी राहीच्या कपाळाला हात लावला. ताप नव्हता. ओल्या माठाला हात लावावा तसं वाटलं.

३

"ती आमच्या बेटावरची भाषा," संध्याकाळी मोरबाईंनी मला सांगितलं. आम्ही मागच्या पायरीवर तांदूळ निवडत बसलो होतो. "मी फुअर म्हणजे मला थंडी वाजते. हा हे सुरुवातीला लावायचं असतं."

"तुम्ही शिकवलंत तिला?"

"इथं आल्यापासून मी त्या भाषेत एक शब्दही बोललो नाही, रूथबाई. कोणाशी बोलणार?"

"गुणगुणत असाल. शिवताना तुम्ही गुणगुणता. मुलं पोपटासारखी उचलतात."

त्यांनी मान डोलवली. त्यांना ते पटवून घ्यायचं होतं, हे मला दिसत होतं. मग त्या म्हणाल्या, "मी तिला विचारलं, कुठं होतास इतके दिवस? पोपटानं काय उत्तर दिलं असतं?"

राहीनं काय उत्तर दिलं, ते मी विचारलं नाही. त्यांनीच पुढं सांगितलं, पण ते उत्तर नव्हे. त्यांना ईअन नावाचा धाकटा भाऊ होता. आई लवकर गेली म्हणून त्यांनीच त्याला न्हाऊमाखू घालून वाढवला. एका हिवाळ्यात वादळानंतर तो किनाऱ्यावर लाकडं गोळा करायला गेला आणि लाटेनं नेला. सापडला नाही. त्यानंतर त्या घरात राहवेना, म्हणून त्यांनी मिशनकडे काम मागितलं आणि जितकं लांब पाठवता येईल तितकं लांब पाठवा म्हणाल्या.

निवडलेल्या तांदळातून त्या पुन्हा पुन्हा बोटं फिरवत होत्या. मला त्यांची दया आली. परक्या मुलखात एकटं माणूस, वर हा उन्हाळा. ऐकू नये ते ऐकू येतं. असं मी स्वतःला समजावलं. पण राहीचं उत्तर मीही ऐकलं होतं.

४

त्यानंतर मोरबाई बदलल्या. इतकं हसतं माणूस मी पूर्वी पाहिलं नव्हतं. दुपारी त्या राहीला घेऊन शिवणाच्या खोलीत बसू लागल्या. दार लोटलेलं असे. आत दोन आवाज, कधी गाणं, कधी भांडण, कधी मोठ्यानं हसणं. जवळून गेलं की पाय आपोआप थांबत. इतकं सुख त्या खोलीत होतं की दार ढकलायची लाज वाटे.

राही आता अंगणात एकटी खेळे. चिऱ्याचे खडे रचून ठेंगणी घरं करी, कोपरे गोल असलेली. वर गवत घालून त्यावर दोरा ताणी आणि दोऱ्याच्या टोकांना दगड बांधी. आमच्याकडे असं घर कोणी बांधत नाही. मोरबाई म्हणाल्या, वाऱ्यानं छप्पर उडू नये म्हणून बेटावर असं करतात. हे त्यांनी अगदी सहज सांगितलं, जणू त्यात नवल नव्हतंच.

तिचे हात गार असत. बोटांची नखं निळसर. केसांत कंगवा घातला की ओलसर, खारट वास येई, आणि तो वास आमच्या समुद्राचा नव्हता. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर येऊन बघून गेले. हिवतापात आधी थंडीच वाजते, ताप मागून येतो, म्हणाले. कोयनेल दिलं. यमुनाबाईंनी ते गुळात घालून चारलं. मी रोज तिच्या कपाळावर हात ठेवून तापाची वाट बघत असे. ताप यावा म्हणून मी प्रार्थनासुद्धा केली.

ताप आला नाही.

५

पुढं ती हाकेला ओ देईनाशी झाली. "राही" म्हटलं की दुसरीच मुलं वळून बघत. पाढे म्हणताना तोंड मिटलेलं. मी पाटीवर र काढून दिला तर तिनं तो उलटासुलटा करून पाहिला, एखाद्या किड्याकडे पाहावं तसा.

तिच्या शेजारी चटई टाकणारी चिमा आता खोलीच्या दुसऱ्या टोकाला झोपू लागली होती. मी तिला जवळ घेऊन विचारलं, "भांडलात का गं?"

"नाय."

"मग राहीजवळ का झोपत नाहीस?"

"ती राही नाय," चिमा म्हणाली. ती भ्यालेली नव्हती. शाळेत कोण आलं, कोण नाही, हे सांगावं तसं सांगत होती. "राही व्हरांड्यात बसलीय. तिला आत जागा नाय."

दुपारची वेळ होती. मी व्हरांड्यात गेले. फरशीवर उन्हाचे चौकोन पडले होते. भिंतीशी लाकडी बाक, बाकाखाली कोणाची तरी चिंध्यांची बाहुली. फणसाच्या झाडावर कावळा ओरडत होता. बाकी काही नाही. शिक्षिका आहे मी. मुलं काहीबाही रचतात हे मला ठाऊक आहे. मी ठरवलं, बाकावर बसायचं, म्हणजे मनातलं निघून जाईल.

बाकाच्या एका टोकाला बसायला मी वाकले, आणि तशीच सरळ झाले. का ते आजही नीट सांगता येत नाही. आगगाडीत कोणी बसलेलं असताना त्याच्या अंगावर बसायला जावं आणि वेळेवर लक्षात यावं, तसं काहीसं झालं. मी आत निघून आले आणि उरलेली दुपार मुलांना मोठ्यानं वाचायला लावलं.

६

केरूमामा आला तो सकाळी उन्हं वर येताना. रातोरात चालत आला होता. पळसाच्या पानात बांधून करवंदं आणली होती, आणि अंगातला सदरा धुतलेला होता. पायरीवर बसून तो म्हणाला, "बाई, आता घर सावरलं. बायकोपण हो म्हणाली. पावसाच्या आदी पोरीला न्हेतो म्हणतो."

मी राहीला हाताला धरून आणलं. मामाला बघून ती नेहमी धावत जाई आणि त्याच्या खांद्यावरच्या घोंगडीत तोंड खुपसी. आज ती माझ्याजवळ उभी राहिली.

"काय गो राही," केरू म्हणाला. "वळखलं नाय मामाला?"

ती त्याच्याकडे बघत होती. नीट, सभ्यपणे, परक्याकडे बघावं तशी. त्यानं पान सोडून करवंदं पुढं केली. तिनं एक उचललं, वास घेतला आणि परत ठेवलं. मग मोरबाईंच्या खोलीच्या खिडकीकडे बघून ती काहीतरी बोलली.

"काय बोलली ती?" केरूनं मला विचारलं.

"मला नाही कळलं."

"तुमी तिला इंग्लिस शिकवलंत काय?" त्याच्या स्वरात राग नव्हता. उलट थोडा धाक होता, आपण अडाणी असल्याचा. त्यानं तिचा हात हातात घेतला आणि दचकून सोडला. मग पुन्हा धरला आणि आपल्या दोन्ही तळव्यांत घेऊन चोळू लागला, थंडीत गारठलेल्या वासराला चोळावं तसा. चोळता चोळता तो रडू लागला.

"माजीच पोर ना ही, बाई?" त्यानं विचारलं. "माज्या बहिणीचीच ना?"

मी हो म्हणाले. खिडकीत मोरबाई उभ्या होत्या. त्यांनी सगळं पाहिलं होतं.

७

केरूला यमुनाबाईंनी जेवायला बसवलं आणि मी शिवणाच्या खोलीत गेले. मोरबाई यंत्रापाशी बसल्या होत्या. काय बोलायचं ते मी दारापर्यंत ठरवत आले होते, आणि आत पाऊल टाकल्यावर त्यातलं काहीच उरलं नाही. आमच्या धर्मशिक्षणात असल्या गोष्टींना जागा नव्हती. त्यांच्याही नव्हती.

"तिला न्यायला आलेत," मी म्हणाले.

"पाहिलं."

"मोरबाई, तो बोलतो तोवर ती बोलू शकत नाही."

आपण ‘तो’ म्हणून गेलो हे मला नंतर कळलं. मोरबाईंच्या ते लगेच लक्षात आलं. त्यांनी चेहरा ओंजळीत धरला.

"तुम्ही मला त्याला पाण्यात परत घाल म्हणता," त्या म्हणाल्या. "त्यानं मला काय सांगितलं, सांगू? तिथं किती–"

"नको." मी घाईनं म्हणाले. "मला सांगू नका."

 बाहेर केरूच्या भुरके मारण्याचा आवाज येत होता. मी त्यांच्याजवळ खाली बसले. त्यांच्या जागी मी असते तर मी काय केलं असतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी दाराला कडी लावली असती. तरी मी म्हणाले, "तुम्ही त्याला जीव लावून वाढवलंत. तिलाही कोणीतरी वाढवलंय. ती मेलेली नाही. ती बाहेर बसली आहे."

 यंत्राचं चाक त्यांनी हातानं थोडं फिरवलं, पुन्हा उलटं फिरवलं.

"पावसाळ्याआधीची शेवटची आगबोट कधी आहे?"

"उद्या दुपारी."

"मी गेलो तर तो माझ्याबरोबर येईल?"

"मला माहीत नाही," मी म्हणाले. खरंच माहीत नव्हतं. "लहान मुलं मोठ्या बहिणीच्या मागं जातात."

त्यावर त्या किंचित हसल्या. "तो तर नेहमीच यायचा," त्या म्हणाल्या.

८

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी राहीला शिवणाच्या खोलीत नेलं आणि दार लावून घेतलं. आम्ही बाहेर थांबलो; मी, यमुनाबाई आणि केरू. आत मोरबाईच एकट्या बोलत होत्या. समजूत घालण्याचा सूर कुठल्याही भाषेत ओळखू येतो. मधे एकदा आतून नकार आला, मोठ्यानं, हट्टाचा. मग रडणं. मग बराच वेळ काही नाही.

दार उघडलं. मोरबाई बाहेर आल्या. उजवा हात अंगापासून थोडा दूर, बोटं अर्धवट मिटलेली. लहान मूल धरून चालताना खांदा जसा एका बाजूला उतरतो, तसा त्यांचा खांदा उतरला होता. केरूनं वाटेतून बाजूला होताना एक पाऊल जास्तच मागं घेतलं.

आत राही चटईवर पडली होती. मी धावले. तिच्या ओठांवर घाम होता. उन्हाळ्यातला, साधा, गरम घाम. तो मी पदरानं टिपला.

गाडीवान हाकारत होता. मी मोरबाईंबरोबर बैलगाडीत चढले. गाडी फाटकातून निघते न निघते तोच मागून, शिवणाच्या खोलीतून, मोठ्यानं हाक आली. "यमुनाबाय, भूक लागली." मग केरूचा आवाज, आणि मग सगळ्या मुलांचा गलका.

मोरबाईंनी मागं वळून पाहिलं नाही. त्या गाडीत अंग चोरून एका बाजूला बसल्या होत्या.  त्यांच्या शेजारची जागा मोकळी होती आणि माझे पाय आखडून दुखत होते, पण मी ते तिकडे पसरले नाहीत.

९

बंदरावर मुंबईला जाणाऱ्यांची झुंबड होती. आंब्याच्या करंड्या, ट्रंका, रडणाऱ्या बायका. आगबोट बाहेर खोल पाण्यात उभी असे आणि माणसांना पडावातून, म्हणजे मोठ्या होडीतून, तिथवर न्यावं लागे. आमच्या ओळखीचा महिपत पडावावर होता. सकाळपासून माणसं उतरवून चढवून तो घामानं निथळत होता.

"या बाई," म्हणत त्यानं मोरबाईंना हात देऊन आत घेतलं. मग पुन्हा धक्क्याकडे वळून तो वाकला, दोन्ही हात पुढं केले, आणि काहीतरी उचलून अलगद त्यांच्याशेजारी ठेवलं. दिवसभर पोरं उचलत होता, तसंच. "बस रं, हलू नको," तो म्हणाला. मग माझ्याकडे बघून, "मास्तरीणबाय, पोराला कायतरी पांघराया द्या हो. गारठलाय पार."

माझ्याजवळ काही नव्हतं. मोरबाईंनी डोक्यावरचा रुमाल सोडला आणि शेजारी पसरला. तो फळीवर पडला नाही. पडायला हवा होता तितका खाली गेला नाही. एवढंच मी पाहिलं, कारण तेवढ्यात मधे एक करंडी आली आणि पडाव सुटला.

माझं काम संपलं होतं. तरी मी थांबले. पडाव आगबोटीला लागलेला दिसला, मुंग्यांसारखी माणसं शिडी चढताना दिसली. भोंगा झाला. पडाव रिकामा परत येऊ लागला.

महिपत धक्क्याला आला तेव्हा त्याच्या तोंडाला रंग नव्हता. दोर बांधायचा सोडून तो तसाच बसला.

"बाई नीट चढल्या ना?" मी विचारलं.

"बाई चढल्या." त्यानं तळव्यानं तोंड पुसलं. "पोरगा नाय चढला. शिडीपाशी अडून बसला, पाण्याकडं बोट दाखवी. बाई त्याच्याशी बोलल्या. लय वेळ. मागचे लोक वरडत होते. मग बाईंनी त्याचा मुका घेतला नि हात सोडला." त्यानं दोर उचलून पुन्हा खाली टाकला. "पायरी उतरावी तसा उतरला हो. मी उडी घ्यायला उठलो, तर बाईंनी माजा दंड धरला. नको म्हणाल्या."

"मग?"

"पाणी हललं नाय," महिपत म्हणाला. "येवढं पोर पाण्यात गेलं नि पाणी हललं नाय."

आगबोट वळत होती. कठड्याशी उभ्या असलेल्यांत मोरबाई कोणत्या, ते इतक्या लांबून ओळखता येत नव्हतं.

"कचेरीत जाऊन सांगाया होवं," महिपत म्हणाला. "माज्या पडावावरनं पोर गेलं. कुणाचा होता तो? त्याच्या घरी काय सांगू?"

मी शिक्षिका होते. असा मुलगा नव्हताच, उन्हानं तुला भोवळ आली, असं मला सांगता आलं असतं. गेला महिनाभर मी स्वतःला तेच सांगत होते.

"त्यांचा भाऊ होता," मी म्हणाले. "घरी कळवायला नको. त्यांना माहीत आहे."

महिपतनं दोर बांधला. मग तो उठला, पडावाच्या कडेवरून वाकून पाण्यात बघितलं, आणि डोक्याचं मुंडासं सोडून हातात घेऊन उभा राहिला. मी पण उभी राहिले. हमाल आमच्या आजूबाजूनं रिकाम्या करंड्या नेत होते. आगबोट पार मिऱ्याच्या डोंगराआड जाईपर्यंत आम्ही दोघं तसेच उभे होतो.